बॅचचे दीड लाख शिल्लक आहेत, कॉलेजला द्यायचे की विद्यापीठाला? आणि विद्यापीठ कुठलं?

नंदगडची लेक

नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड भागातल्या कॉलेजांत शिकलेले बरेच जण इथं आहेत, म्हणून विचारते.

आमची 2004 ची बॅच, बी.ए. आणि बी.कॉम. एकत्र. कॉलेज बेळगावातलं. मी नंदगडहून रोज येऊन-जाऊन शिकले, आता पुण्यात असते. बॅचमधले निम्मे पुण्यातच आहेत, काही फोंडा-मडगावला, बाकीचे बेळगाव-खानापुरात दुकान, शेती, शाळा, बँक असं आपापलं करून आहेत. दिवाळीत मेळावा झाला. हॉल आणि जेवणाचा खर्च भागून दीड लाख रुपये उरलेत. ते वाटून न घेता शिक्षणासाठी द्यायचे, यावर सगळ्यांचं एकमत आहे. कुठं द्यायचे यावर मात्र ग्रुपवर नुसती चर्चा चालू आहे.

काहींचं म्हणणं, कॉलेजच्या दारात कमान बांधू, वर बॅचचं नाव घालू. काही म्हणतात, विद्यापीठात सुवर्णपदक ठेवू. पण विद्यापीठ कुठलं? आमच्या पदवीवर कर्नाटक विद्यापीठ, धारवाड असं छापलंय. धारवाडला मी एकदाच गेले, गुणपत्रिकेतलं नाव दुरुस्त करून घ्यायला. कॉलेज आता राणी चन्नम्मा विद्यापीठाकडं आहे, आणि तिथली पायरी आमच्यापैकी कुणीच चढलेलं नाही. शिवाय तिघांनी पुढं कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.ए., एम.कॉम. केलं, त्यांचा जीव तिकडं.

आणखी दोन गोष्टी. काही जणांना पैसे देणं जमणार नाही, पण वेळ द्यायची मनापासून तयारी आहे. त्यांनी काय करावं? आणि एक मैत्रीण, सासर मडगावचं, ती नवऱ्यासोबत पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला असते. तिला तिथून पैसे पाठवायचेत. चालतात का?

एक भीतीही आहे. पूर्वी आम्ही काही जणांनी एका संस्थेला इमारत निधी दिला होता. पावती मिळाली, पुढं काहीच कळलं नाही. या वेळी तसं व्हायला नको.

शहापूरची अक्का

नंदगडच्या लेकी, वाचून बरं वाटलं. मी बेळगावातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात फीच्या खिडकीत बसून नोकरी केली, 2024 ला निवृत्त झाले. देणग्यांच्या पावत्या मी फाडल्यात, बक्षिसांचं रजिस्टर मी लिहिलंय. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगते.

विद्यापीठाचं आधी. बेळगावची जुनी कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली होती. 1949 ला कर्नाटक विद्यापीठ निघालं, ते पुढं धारवाडला आलं आणि आपली कॉलेजं तिकडं गेली. 2010 ला राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, बेळगाव, विजापूर आणि बागलकोट हे तीन जिल्हे त्याच्याकडं आले. म्हणजे एखाद्या घरातले आजोबा मुंबईचे पदवीधर, मुलगी धारवाडची आणि नातू राणी चन्नम्माचा. तिघंही बसले त्याच वर्गात, त्याच खिडकीजवळच्या बाकावर. तेव्हा पदवीच्या कागदावर कुणाचा शिक्का आहे ते बघून पैसे द्यायचे नाहीत. आज त्या बाकावर कोण बसलंय आणि ते कुठं अडकलंय, ते बघून द्यायचे.

कुठं अडकतं ते सांगते. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. परीक्षेचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. पैसे आता यूयूसीएमएस या विद्यापीठांच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचे, खिडकीवर रोख घेणं बंद. तरी पोरं खिडकीशीच येतात, कारण विचारायला दुसरी जागाच नाही. शिनोळीकडची एक पोरगी, बी.कॉम. दुसऱ्या वर्षाची, दुपारपासून व्हरांड्यातल्या खांबाला टेकून उभी होती. दोनदा हाक मारली तेव्हा जवळ आली. रुमालात नोटा गुंडाळलेल्या, शंभराच्या, पन्नासाच्या, काही दहाच्या. साडेतीनशे रुपये कमी पडत होते. वडील काजूच्या कारखान्यात कामाला, पगार सोमवारी, आणि त्या दिवशी शुक्रवार. आमच्या शिपायानं शंभर काढले, उरलेले मी घातले, ग्रंथपालांनी आपल्या मोबाईलवरून भरणा केला. पाच मिनिटांचं काम. पण आम्ही तिघं त्या वेळी जागेवर होतो म्हणून झालं. नसतो तर दंड, आणि दंड परवडला नसता तर सेमिस्टर गेलं असतं.

आता हे बघ. तिच्याच वर्गातली उचगावची मुलगी त्याच बसनं फुकट येते. जून 2023 पासून कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही, फक्त पत्ता कर्नाटकातला लागतो. शिनोळी महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात, तेव्हा त्या पोरीच्या आधारवर जिल्हा कोल्हापूर. तिला जाता-येता तिकीट. शिष्यवृत्तीचंही तसंच. कर्नाटकाच्या पोर्टलला रहिवासी कर्नाटकाचा लागतो. महाराष्ट्राच्या महाडीबीटीवर गेली तर बहुतेक योजनांना कॉलेज महाराष्ट्रातलं लागतं. जातीचा दाखला एका राज्याचा, कॉलेज दुसऱ्या राज्यातलं, मग सवलतीच्या खिडकीवर गेलं की परत पाठवतात. यात कारकुनाचाही दोष नाही, नियमच तसा आहे. चंदगड तालुक्यातल्या किती गावांना बेळगाव हेच जवळचं शहर! बाजार बेळगावचा, दवाखाना बेळगावचा, कॉलेज बेळगावचं, फक्त कागद कोल्हापूरचे.

ही पोरं दोन्ही सरकारांच्या मधल्या फटीत पडतात. त्यांच्यासाठी योजना नाही आणि लवकर होईल असं मला वाटत नाही. माजी विद्यार्थ्यांच्या पैशाला मात्र रहिवासी दाखला विचारावा लागत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की तुमचे दीड लाख इथं लागावेत. अडचणीच्या पैशाचा एक निधी करा. परीक्षा फी, बसचा पास, एखादं पुस्तक, चष्मा. एका पोराला दोन-अडीच हजार लागतात. म्हणजे तुमच्या दीड लाखात साठेक पोरांची वेळ निभावेल.

सुवर्णपदकाचा विचार चांगल्या मनानं आलाय, पण हिशेब करून बघ. दीड लाखाची ठेव ठेवली तर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला पावणेदहा हजार व्याज. त्यात आज सोन्याचं पदक सोड, सोन्याचा मुलामा दिलेलं पदक आणि समारंभाचा खर्च एवढंच भागेल, आणि ते जाईल पहिल्या आलेल्या मुलाला, ज्याला तसंही सगळे हार घालतात. आमच्या रजिस्टरमध्ये 1970 च्या आसपासच्या ठेवी होत्या, हजार हजार रुपयांच्या. त्या काळी हजार म्हणजे मोठी रक्कम, कुणी बायकोचा दागिना मोडून वडिलांच्या नावे ठेवलेली. आज तिचं व्याज सत्तर रुपयेही होत नाही. गॅदरिंगला नाव पुकारतात आणि पाकिटात तेवढेसे रुपये घालताना हात आखडतो. ठेवच ठेवायची असेल तर व्याजातला निदान चौथा हिस्सा मुद्दलात परत घालायची अट लिहून द्या, आणि दर पाच वर्षांनी बॅचनं भर घालायची असंही लिहा.

कमान करू नका. मी इतकं सरळ सांगते याचा राग मानू नका. कमानीला पुढच्या वर्षी रंग कोण देणार? वर्गाला स्मार्ट बोर्ड दिलेले मी पाहिलेत, दिवा गेला की तीन-तीन वर्षं नुसते भिंतीवर. वस्तू द्यायची तर तिच्या दुरुस्तीचे पैसेही सोबत द्यावेत.

आता तुझ्या भीतीबद्दल. ती खरी आहे, आणि तिच्यावर उपाय आहे. कॉलेजला नॅकचं, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं, मूल्यांकन असतं. माझ्या वेळी त्याच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग विचारायचे: संघटना नोंदणीकृत आहे का, तिनं पैशानं किंवा दुसऱ्या कशानं काय हातभार लावला. समिती यायची म्हटली की प्राचार्य स्वतः तुम्हाला फोन करतील. त्या वेळी संकोच न करता आपली बाजू मांडा. कर्नाटकात संघटनेची नोंदणी 1960 च्या सोसायटी कायद्याखाली होते. संघटनेचं खातं कॉलेजच्या खात्यापासून वेगळं असू दे. सही दोघांची, एक प्राध्यापक आणि एक माजी विद्यार्थी. वर्षातून एकदा खर्चाचा एका पानाचा कागद सगळ्या देणगीदारांना. त्यात मुलांची नावं घालायची नाहीत, नुसतं "परीक्षा फी, इतकी मुलं, इतके रुपये". हे आधी लिहून घ्या, धनादेश नंतर द्या.

आपल्या जिल्ह्याला देणं नवीन नाही गे. सौंदत्ती तालुक्यातल्या शिरसंगीचे लिंगराज देसाई 1906 साली आपली सगळी मालमत्ता शिक्षणासाठी लिहून ठेवून गेले. बेळगावचं लिंगराज कॉलेज 1933 चं, ते त्यांच्याच नावाचं. केएलई ही एवढी मोठी संस्था 1916 ला सात शिक्षकांनी सुरू केली. शिक्षकांनी, सावकारांनी नव्हे. त्यामुळं दीड लाख म्हणजे काय मोठंसं असं मनात आणू नका.

फोंड्याचा खानापूरकर

ताई, मी फोंड्यात सीए आहे, मूळचा खानापूरचा. हिशेबाचं तेवढं सांगतो.

देणगीवर आयकरात मिळणारी 80जीची वजावट हवी असेल तर आधी संस्थेला ती मान्यता आहे का विचारा. दोन हजारांवर रोख दिलं तर वजावट नाही. पैसे ज्याच्या खात्यातून जातील त्याच्याच नावे प्रमाणपत्र निघतं, म्हणून पुढं ज्यांना भर घालायची आहे त्यांनी आपापल्या खात्यातून थेट संघटनेच्या खात्यात टाकावेत, एकाकडं गोळा करू नयेत. प्रमाणपत्र आयकराच्या पोर्टलवरून निघालेलं हवं, लेटरहेडवरच्या आभारपत्राचा उपयोग नाही. आणि तुमच्यातल्या बऱ्याच नोकरदारांनी नवी करप्रणाली घेतली असेल, तिच्यात ही वजावटच मिळत नाही. त्यामुळं करासाठी म्हणून संस्था निवडू नका.

लंडनच्या मैत्रिणीचं नीट ऐका. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशातून स्वतःच्या कमाईचे पैसे बँकेमार्फत पाठवत असेल तर ते परदेशी देणगीत धरत नाहीत. पण पासपोर्ट पोर्तुगीज म्हटल्यावर, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी. ती घ्यायला संस्थेकडं एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. नव्यानं नोंदलेल्या माजी विद्यार्थी संघटनेकडं हे नसणार. "माझ्या खात्यात टाक, मी पुढं देते" असं तर अजिबात करू नका, दोघी अडचणीत याल. आमच्या गोव्यात हा घोळ घरोघरी आहे. मैत्रिणीला म्हणावं, पैशाऐवजी आठवड्याला एक तास दे.

अर्जुननगरचा

अक्का, तुम्ही शिनोळीचं सांगितलं, मी त्याच्या उलट्या बाजूचा. घर निपाणीत, कॉलेज देवचंद, अर्जुननगर. गावातून चालत निघायचं आणि चालता चालता कर्नाटक संपून कागल तालुका लागायचा. विद्यापीठ शिवाजी. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. आमच्याकडं पोरगं निपाणीचं असलं की राहणार कर्नाटकात आणि शिकणार महाराष्ट्रात. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला विवादित सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळा प्रकार असतो, पण साध्या बी.ए., बी.कॉम.च्या पोराची शिष्यवृत्तीची गाडी रहिवासी दाखल्यापाशीच अडते. म्हणून तुमचा निधीचा मुद्दा शंभर टक्के पटला.

मी वेळ देण्याबद्दल लिहितो, कारण पैसे देण्याची ऐपत मला उशिरा आली, त्याआधी वेळच देत होतो.

व्याख्यान देऊ नका, ताई. माजी विद्यार्थी म्हटलं की कॉलेजवाले हॉलमध्ये दोनशे पोरं बसवतात, शाल-श्रीफळ देतात, आपण "यशाचा मार्ग" सांगतो आणि जेवून परत येतो. पोरांच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा पाच पोरं घ्या आणि वर्षभर धरून ठेवा.

माझ्याकडं रविवारी सकाळी काही पोरं येतात. मुलाखतीची तयारी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं सगळं इंग्रजी, आणि निपाणीत राहून कन्नडही येतंय असं नाही. पहिला प्रश्न विचारतो, स्वतःबद्दल सांग. एक पोरगा होता, मराठीत बोलायला लागला की थांबायचा नाही, कबड्डीच्या मॅचचं वर्णन ऐकत राहावं. इंग्रजीत "माय फादर इज" म्हणायचा आणि गप्प. दोन रविवार असंच. मला वाटलं शब्द अडतोय. शब्द अडत नव्हता. वडील वखारीत हमाल, हे टेबलापलीकडच्या टायवाल्या माणसाला कसं सांगायचं, तिथं अडत होतं. मग मी माझ्या आईचं वाक्य करून दाखवलं, ती कुठं काम करायची, पहाटे किती वाजता निघायची, अंगाला तंबाखूचा कसा वास यायचा. मग त्यानं वडिलांचं केलं. साध्या इंग्रजीत, सहा वाक्यं, मान वर करून. आज तो कोल्हापुरात एका बँकेच्या वसुली विभागात आहे. ही गोष्ट कुठल्या व्याख्यानात झाली असती सांगा.

पुण्यातल्या मंडळींसाठी तर फार मोठं काम आहे आणि त्याला पैसा लागत नाही. आपल्याकडचं पोरगं पहिल्या मुलाखतीला रात्रीच्या बसनं निघतं, पहाटे स्वारगेटला उतरतं. तोंड धुवायला जागा नाही, कपडे चुरगळलेले, हिंजवडीला कसं जायचं माहीत नाही. तुमच्यातल्या चार घरांनी एक रात्र झोपायला जागा आणि सकाळचा चहा-पोहे दिले तरी निम्मी मुलाखत झाली म्हणायची. नोकरी लागली की पहिला पगार होईपर्यंत महिना-सव्वा महिना असतो, आणि खोलीचं डिपॉझिट आधी मागतात. तेवढ्यासाठी नोकरी सोडून परत आलेली पोरं मला माहीत आहेत. त्या महिन्यासाठी बिनव्याजी उसने द्यायची सोय बॅचनं केली तर पैसे बहुतेक परत येतात आणि दुसऱ्याला जातात.

माझे काही वर्गमित्र शिवाजी विद्यापीठात "कमवा आणि शिका"मधून शिकले. सकाळी काम, दुपारी वर्ग. आम्हाला कुणी फुकट दिलं नाही याचा त्यांना आजही अभिमान आहे. म्हणून सांगतो, उसने घेतलेल्या पोराला परत करायची संधी ठेवा, ती त्यालाही हवी असते.

उद्यमबाग अकाउंट्स

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांना मी दरवर्षी घेऊ शकते. आमचं फाउंड्रीचं युनिट आहे, मी हिशेब बघते. टॅली, जीएसटीचं रिटर्न, ई-वे बिल, बँकेचा ताळमेळ, हे सहा महिने खरं काम करून शिकलं की बेळगावात कुणीही नोकरी देतं. येण्या-जाण्याचा खर्च आणि दुपारचं जेवण युनिट देईल, मालकांशी बोलले आहे. एकच अट, मुलानं सहा महिने सलग यायचं. उद्यमबाग, मच्छे या बेळगावच्या कारखान्यांच्या भागात माझ्यासारखे बरेच माजी विद्यार्थी हिशेबाच्या टेबलावर आहेत, त्यांना कुणी विचारलेलंच नाही. ताई, मला निरोप करा.

नंदगडची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा जसाच्या तसा आमच्या ग्रुपवर टाकला. कमानीवाले गप्प झालेत, आणि त्यातला एक जण तर चंदगडचाच निघाला. तो म्हणाला, त्याच्या बहिणीनं दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं ते अशाच कारणानं, आणि हे त्यानं आजवर आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आता अडचणी विचारते. अक्का, अडलेली पोरं ओळखायची कशी? अर्ज मागवले तर खरा गरजू लाजेनं अर्जच करणार नाही, आणि नोटीस लावली तर पुढे-पुढे करणारेच येतील. दुसरं, शिवाजी विद्यापीठवाल्या तिघांची आणि विद्यापीठाला काहीतरी द्यावं म्हणणाऱ्यांची इच्छा अगदीच डावलावी असं वाटत नाही. तिसरं, सही करायला बॅचमधलं कोण असावं?

शहापूरची अक्का

अर्ज मागवू नको. कॉलेजात कोण अडलंय हे तीन माणसांना आधीच ठाऊक असतं: खिडकीतल्या कारकुनाला, ग्रंथालयात पुस्तक देणाऱ्याला आणि व्हरांड्यातल्या शिपायाला. प्राध्यापकांना हजेरीवरून कळतं, पण थोडं उशिरा. परीक्षेच्या अर्जाची तारीख लागली की शेवटच्या तीन दिवसांत ज्यांचा भरणा दिसत नाही त्यांची यादी ऑफिसात निघतेच. ती यादी सही करणाऱ्या प्राध्यापकानं घ्यायची आणि एकेकाला बाजूला बोलावून विचारायचं. काही जण नुसते विसरलेले असतात, काहींनी कॉलेज मनातून सोडलेलंच असतं. त्या दुसऱ्यांना त्याच दिवशी पैसे मिळाले पाहिजेत. समितीची बैठक, ठराव, पुढच्या आठवड्यात मंजुरी असला प्रकार या निधीला घालू नका. दोन हजारांपर्यंत दोन सह्यांवर लगेच द्यायचे आणि हिशेब नंतर बघायचा. पोराच्या हातात पाकीट देतानाचा फोटो काढू नका, स्टेजवर बोलावू नका. आमच्याकडं एकदा वह्यावाटपाचा फोटो पेपरात आला, त्यातली एक मुलगी पुढं आठवडाभर कॉलेजला आली नाही.

मुलींच्या पासाचं लक्षात ठेव. कर्नाटकातल्या मुलींचा प्रवास फुकट झालाय, तेव्हा पासाचे पैसे आता मुलांना आणि चंदगडकडच्या मुलींना लागतात. वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांची विचारपूस करायची. एकदा दोन-तीन महिने रोजचं तिकीट काढून झालं की घरचे म्हणतात, बस झालं शिक्षण.

विद्यापीठाला द्यायचं असेल तर राणी चन्नम्माच्या मराठी विभागाला द्या. पूर्वी धारवाडचं पदव्युत्तर केंद्र होतं, त्यातूनच हे विद्यापीठ उभं राहिलं, महामार्गावर भूतरामनहट्टीला. कर्नाटकातलं विद्यापीठ आणि त्यात मराठीचा विभाग, एम.ए. करायची सोय आपल्याच जिल्ह्यात. तो चालावा असं वाटत असेल तर तिथं शिकणाऱ्या पोरांना पुस्तकं मिळाली पाहिजेत. मनानं पुस्तकं निवडून गठ्ठे पाठवू नका. लोक घरातली रद्दी देतात आणि विभागाला ती नाकारताही येत नाही. आधी विभागप्रमुखांना भेटून यादी मागा, अभ्यासक्रमातली कुठली पुस्तकं कमी आहेत, किती प्रती हव्यात. पैसे विद्यापीठाला देताना वित्त अधिकाऱ्यांच्या नावे पत्र द्या, त्यात कशासाठी ते स्पष्ट लिहा. कायमची ठेव असेल तर सिंडिकेटची, म्हणजे विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाची, मान्यता लागते, त्याला वेळ जातो. पुस्तकंच दिलीत तर लवकर होईल.

शिवाजी विद्यापीठवाल्या तिघांना म्हणावं, तुम्ही पैसे नका काढू. बेळगाव, निपाणी, खानापूरची जी पोरं यंदा कोल्हापूरला एम.ए., एम.कॉम.ला जाताहेत त्यांच्यासोबत प्रवेशाच्या दिवशी एकानं जा. मूळ कागद कुठले लागतात, स्थलांतराचा दाखला कर्नाटकातल्या विद्यापीठाकडून कधी मागवायचा, वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो का, हे ज्यानं एकदा केलंय त्यालाच नीट सांगता येतं. या दाखल्यासाठी पोरं शेवटच्या दिवशी पळतात.

लंडनच्या मैत्रिणीनं मुलाखतीच्या इंग्रजीचा तास घ्यावा, निपाणीच्या भावानं सांगितलंय तसा. पोरांना परक्या माणसासमोर बोलायची सवय होईल. वेळ मात्र आपल्याकडच्या संध्याकाळचा ठेवा, खेड्यातल्या पोरांना रात्री घरात नीट रेंज नसते.

नंदगडची लेक

अक्का, ग्रुपवर असं ठरतंय. एक लाख पंचवीस हजार अडचण निधीला, ठेवीत न घालता तीन वर्षांत खर्च करायचे. पंचवीस हजारांची पुस्तकं मराठी विभागाला, यादी घेऊनच. पुण्यातली पाच घरं मुलाखतीला येणाऱ्या मुलांना ठेवून घ्यायला तयार आहेत, त्यात माझंही आहे. उद्यमबागच्या ताईंना निरोप केला. संघटनेच्या नियमांचा मसुदा आमचा वकील मित्र करतोय. सहीसाठी सगळे माझं नाव सुचवताहेत.

शहापूरची अक्का

तुझं नाव नको. तू पुण्यात, आणि अर्जाची तारीख कधी वाढेल, कधी संपेल याचा नेम नसतो. बेळगावात राहणारं, कॉलेजपासून अर्ध्या तासात पोचणारं कुणीतरी घे. तुमच्यातली ती बँकेतली मुलगी असेल तर उत्तम. तू वर्षाचा हिशेब तपासून सगळ्यांना पाठवायचं काम घे, ते लांबून होतं.

मसुदा झाला की इथं टाक, मी वाचून सांगते. दोन हजारांची मर्यादा त्यात घातली असेल तर अडीच कर, फी वाढत जाते. आणि तो चंदगडचा वर्गमित्र, त्याला विचार, समितीत येतोस का.